व्यतिरेकाची साक्ष

झालेल्या ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानातच अंगभूत असते, की ते अन्य साधनाने ठरवावे लागते, हा प्रश्न मीमांसक आणि नैयायिक यांनी शतकानुशतके लढवला. बाधक पुढे येईपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण होय, असा कुमारिलभट्टांचा पक्ष. प्रामाण्य परतःच, असा नैयायिकांचा आग्रह. हा वाद पाठशाळांबरोबरच मावळला असे ज्यांना वाटते, त्यांनी जीवरसायनाच्या प्रयोगशाळेतील अवरोधक पेप्टाइडाचा व्यवहार जरूर पाहावा.

यकृतपेशींच्या तंतुकणिकांत कार्बामॉइल फॉस्फेट सिंथेटेज-१ हे विकर विपुल असते, आणि क्रेब्ज व हेन्सेलाइट यांनी १९३२ साली उलगडलेल्या युरिया-चक्रात विषारी अमोनियाला प्रथम बांधून घेण्याचे काम तेच करते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या विकराची साक्ष देते ते त्याला चिकटणारे प्रतिपिंड. यकृताच्या अर्कातील प्रथिने आकारमानानुसार वेगळी करून पटलावर उतरवली आणि त्यावर हे प्रतिपिंड सोडले, की सुमारे १६० किलोडाल्टनपाशी एक गडद पट्टा उमटतो. परंतु साक्षीदार बोलला एवढ्यावरून फैसला होत नाही. म्हणून ज्या दहा-वीस अमायनो आम्लांच्या तुकड्याविरुद्ध ते प्रतिपिंड निर्माण केले, तोच तुकडा, म्हणजेच अवरोधक पेप्टाइड, विपुल प्रमाणात त्यात आधी मिसळतात, प्रतिपिंडाच्या बंधनस्थळांवर तो ठाण मांडून बसतो, आणि मग त्याच अर्काच्या दुसऱ्या पटलावर, पहिल्यावर पट्टा होता त्या जागी, काहीच उमटत नाही. बंधनस्थळ मोकळे तेथे पट्टा, हा अन्वय. ते अडले तेथे पट्टा नाही, हा व्यतिरेक.

तरीही या अभावाने नेमके काय सिद्ध झाले, याची शहानिशा केलीच पाहिजे. पट्टा त्या बंधनस्थळांमुळेच उमटला होता, इतकेच त्याने ठरते. तो त्याच विकराचा होता, हे ठरत नाही, कारण तसाच अनुक्रम अंगी असलेले परके प्रथिनही त्याच तुकड्याने तितक्याच सहजपणे अदृश्य झाले असते. नैयायिक जिला उपाधी म्हणतात, ती अनुमान दूषित करणारी छुपी अट येथे दडून बसते, आणि तिच्या निरासासाठी ज्या पेशींतून त्या विकराचे जनुकच काढून टाकले आहे अशा पेशींचा दाखला मागावा लागतो.

याच विकराच्या इतिहासात कुमारिलांच्या बाजूचाही एक पुरावा आहे. हेप-पार-१ हे प्रतिपिंड १९९३ साली पुढे आले, आणि ते नेमके कोणत्या प्रथिनाला चिकटते हे ठाऊक नसतानाही विकृतिशास्त्रज्ञांनी यकृतपेशींची ओळख पटवण्यासाठी त्याचा अवलंब केला; त्याचे लक्ष्य हेच विकर होय, हे २००८ साली निश्चित झाले. लहान आतड्यातही ते प्रतिपिंड का रंगते, हेही तेव्हा कळले, कारण हे विकर तेथेही असते. जो व्यभिचार, म्हणजे नियमाचा भंग, भासत होता, तो सत्याचाच अंश निघाला.

सफल प्रवृत्ती ही ज्ञानाच्या प्रामाण्याची खूण असल्याचे नैयायिक सांगतात, आणि ते खरेच आहे. पण सफलतेला विषयाचे पूर्ण ज्ञान लागतेच असे नाही, हेही या उदाहरणावरून मान्य करावे लागते. म्हणून माझे मत असे की, प्रत्येक ज्ञानाला आधी जामीन मागत बसलो तर जगणेच खोळंबेल, यास्तव आचरणात कुमारिलांचा विश्वास अपरिहार्य आहे. मात्र ज्या निर्णयावर दुसऱ्याचे औषध, दुसऱ्याचे संशोधन किंवा दुसऱ्याची श्रद्धा उभी राहणार, तेथे नैयायिकांची कसोटी हे कर्तव्यच ठरते. त्या कर्तव्याचा अवघड भाग परीक्षा घेण्यात नाही. परीक्षेने जेवढे सिद्ध केले, त्याहून तसूभरही अधिक तिच्या नावावर न मांडण्यात आहे, आणि ज्ञानमार्गातील खरा संयम मी त्यालाच म्हणतो.