करारात लिहिलेला ताण

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे जातात. दिवाळीच्या आगेमागेच पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात अमेरिकी प्रोसेसवर काम करणाऱ्यांची अख्खी रात्र तासाभराने पुढे सरकते. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे इथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. पिकअप उशिरा, ड्रॉप उशिरा, आणि मुलांच्या शाळेच्या बसचे गणित पुन्हा पहिल्यापासून. मार्चमध्ये सगळे उलट. यातल्या कशाबद्दलही इथे कोणाला विचारलेले नसते.

आउटसोर्सिंगमधल्या ताणाची चर्चा या घड्याळापाशी सहसा थांबत नाही. ती थेट माणसावर येते: झोप अपुरी, खाणे अरबट-चरबट, नव्या मुलांना सहनशक्तीच नाही. मग उपायही माणसावरच होतात. योगाचा वर्ग, ध्यानाचे ॲप, समुपदेशकाचा नंबर, शुक्रवारचे खेळ. त्यांचा काहींना उपयोग होतोही. पण या ताणाचा मोठा भाग कर्मचाऱ्याच्या स्वभावात नसतो. तो दोन कंपन्यांमधल्या करारात लिहिलेला असतो.

फोन किती सेकंदांत उचलायचा, संभाषण सरासरी किती मिनिटांत संपवायचे, किती तक्रारी पहिल्याच फोनवर मिटल्या पाहिजेत, हे सगळे तिथे आकड्यांत ठरते. आकडा चुकला तर दंड. तो दंड मॅनेजरकडून टीम लीडरकडे आणि टीम लीडरकडून फ्लोअरवर उतरतो. नऊ तासांच्या पाळीत साधारणतः तासाभराचा ब्रेक: अर्धा तास जेवण आणि पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन तुकडे. प्रत्येक मिनिट सिस्टिममध्ये नोंदले जाते. शिवाय दोन आकडे एकमेकांशी भांडत असतात. ग्राहक खूश झाला पाहिजे आणि फोन लवकर संपला पाहिजे. वृद्ध ग्राहकाला शांतपणे समजावणाऱ्या मुलीचा एक आकडा सुधारतो, दुसरा बिघडतो, आणि महिनाअखेरीस जाब दुसऱ्याचा विचारला जातो.

रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकी संशोधकाने 1979 मध्येच सांगितले होते की नुसत्या जास्त कामाने माणूस खचत नाही. कामाचा रेटा मोठा आणि ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा नाममात्र, ही जोडी सर्वांत घातक. सर्जनवरही प्रचंड भार असतो, पण पुढची कृती तो स्वतः ठरवतो. कॉल सेंटरमध्ये वाक्येसुद्धा आधीच लिहून दिलेली असतात.

मनाचेही तसेच. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 च्या पुस्तकात दोन नोकऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या: हसतमुख राहणारी हवाई सुंदरी आणि थकबाकीदाराला दरडावणारा वसुली कर्मचारी. दोघेही पगारासाठी भावना वापरतात, म्हणून त्यांनी याला श्रमच मानले. भारतीय बीपीओत एकाच मजल्यावर हे दोन्ही श्रम चालतात, तेही अनेकदा उसन्या नावाने आणि कमावलेल्या उच्चाराने. उच्चाराचे काम आता सॉफ्टवेअर करू लागले आहे. टेलिपरफॉर्मन्सने भारतातल्या कर्मचाऱ्यांच्या आवाजाचा हेल बोलता बोलता बदलणारी प्रणाली वापरायला घेतल्याची बातमी 2025 मध्ये आली. शिव्या मात्र अजून माणसालाच ऐकाव्या लागतात.

जे नुकसान डोळ्यांना दिसते, त्यावर नियम होतात. नोव्हेंबर 2007 मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर कंपनीच्या कंत्राटी गाडीचा चालक आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिची हत्या केली. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेतल्या कामासाठी स्त्रीची संमती आवश्यक ठरवली आहे, आणि तिच्या सुरक्षेची व वाहतुकीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. पण घरी सुखरूप पोचलेल्या, सकाळी आठला पडदे ओढून झोपेची वाट पाहणाऱ्या माणसाचे काय होते, याला कायद्यात जागा नाही. रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले आणि 2019 मध्ये तेच मत कायम ठेवले.

त्याच 2019 साली या संघटनेने ‘बर्नआउट’ची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित घटना म्हणून केली. तरीही आपल्याकडे कायद्यातला बदल तासांपुरताच राहतो, आणि तोही वाढीचा. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतली दैनंदिन मर्यादा नऊवरून दहा तास करायला मान्यता दिली. कामानंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे सुप्रिया सुळे यांचे लोकसभेतले खासगी विधेयक 2018 च्या हिवाळी अधिवेशनातले. फ्रान्समध्ये असा कायदा 2017 पासून लागू आहे.

तासांखेरीज मोजण्यासारखे पुष्कळ आहे, आणि उद्योग ते रोज मोजतोच. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. अर्लांग यांनी 1917 मध्ये मांडलेल्या सूत्रावरून आजही कॉल सेंटरमध्ये किती माणसे बसवायची हे ठरते. माणसे कमी बसवली की प्रत्येकाची ‘ऑक्युपन्सी’ वाढते, म्हणजे एक फोन ठेवल्यावर दुसरा यायच्या आधी मिळणारे सेकंद घटतात. हे सेकंद म्हणजे ग्राहक-कंपनीने वाचवलेला खर्च आहे आणि तो करारातल्या दरात धरलेला असतो.

करारांची मुदत संपते, ते नव्याने होतात. ऑक्युपन्सीची कमाल मर्यादा, पाळी बदलण्याआधीची किमान सूचना आणि शिवीगाळ करणाऱ्याचा फोन दंडाशिवाय बंद करण्याची मुभा, ही कलमे तेव्हा दराबरोबरच टेबलावर येऊ शकतात. एकटी कंपनी ती मागायला घाबरेल, कारण काम मनिलाला जाईल. म्हणून ती सगळ्यांवर सारखी लागू व्हायला हवीत. दुकाने व आस्थापना कायदा राज्याचा आहे. दहाव्या तासासाठी त्यात बदल होऊ शकतो, तर या कलमांसाठीही होऊ शकतो.