राखण आणि संशय

गेल्या हिवाळ्यांत कफ परेडच्या बाजूस भरलेल्या एका हस्तकला-प्रदर्शनांत तीन दिवस दुकानदारी करण्याचा प्रसंग माझ्यावर आला. माझी पुतणी सावंतवाडीचीं लाकडी फळें आणि गंजिफा विकावयास घेऊन आली होती; तिचा मदतनीस ऐन वेळीं आजारी पडला, आणि तीस वर्षें तत्त्वज्ञान शिकविलेल्या काकाला तिनें गल्ल्यापाशीं बसविलें. त्या तीन दिवसांत जो प्रश्न माझ्यापुढें उभा राहिला तो वरवर पाहतां क्षुल्लक आहे. उघड्यावर मांडलेला माल चोरीपासून राखावा कसा, आणि तो राखतांना समोर येणाऱ्या माणसाला आपण काय समजावें?

कायमच्या दुकानाला भिंती असतात, दार एकच असतें. जत्रेंतलें दुकान म्हणजे तीन बाजूंनीं उघडें असलेलें एक टेबल. त्यांतून हस्तकलेचा माल कांचेआड ठेवून विकला जात नाहीं. तो हातांत घेतल्यावांचून कोणास आवडत नाहीं. म्हणजे ज्या स्पर्शानें वस्तु विकली जाते त्याच स्पर्शानें ती नाहींशीहि होते. संध्याकाळची गर्दी, सुटे पैसे मोजतांना खालीं गेलेली विक्रेत्याची मान, दोघांपैकीं एकानें भाव करीत राहावयाचें आणि दुसऱ्यानें हात चालवावयाचा, या सर्व संधी चोराला आपल्याहून अधिक ठाऊक असतात. मोठ्या पेढीच्या हिशेबांत चोरी हा खर्चाचा एक रकाना असतो. कारागिराच्या घरीं ती कोणाची तरी दिवसभराची मजुरी असते.

शेजारच्या दुकानदारांपासून मीं पुष्कळ शिकलों. कोल्हापुरी चपला विकणाऱ्या गृहस्थानें प्रत्येक जोडाचा एकच पाय बाहेर मांडला होता. दुसरा पाय पेटींत. चांदीच्या कुड्या विकणाऱ्या बाईनें प्रत्येक कुडी मखमलीच्या पाटीवर दोऱ्यानें टांकून ठेवली होती. लुगडेवाला घडी स्वतः उलगडी आणि पुढची काढण्यापूर्वीं पहिली मिटी. पैसे कोणीहि पेटींत ठेवीत नसे, कमरेच्या कशांत ठेवी. चहाला उठलेल्याचें दुकान शेजारी न सांगतां पाही. ही सारी व्यवस्था मला मोठी सुसंस्कृत वाटली. कारण तिच्यांत कोणावरहि आरोप नाहीं. एकटी चपल साधूला आणि चोराला सारखीच दिसते. ती ठेवतांना समोर कोणी माणूसच नव्हता, मग अपमान व्हावा कोणाचा?

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत गायजीसच्या अंगठीची कथा येते. ती फिरविली कीं मेंढपाळ अदृश्य होई, आणि अदृश्य होतांच त्याचें सदाचरण सुटलें. तेथें प्रश्न असा टाकला आहे कीं, कोणी पाहत नसतांना कितीसे लोक सज्जन राहतील? आपल्याकडे याचें उत्तर म्हणून शनिशिंगणापूरचें नांव घेतलें जातें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील या गांवीं घरांना दारें न लावण्याची रीत आहे, आणि 2011 सालीं तेथें एका बँकेनें कुलुपावांचून शाखाहि उघडली. अलीकडे चोरीच्या कांहीं तक्रारी तेथूनहि आल्या, तें असो. परंतु शनीच्या कोपाचें भय ज्याला आवरतें तो मनानें निर्लोभ झाला असें मी म्हणणार नाहीं. राखणदार दारावरून उठून आकाशांत जाऊन बसला, इतकेंच. तरीहि त्या श्रद्धेचा एक लाभ मला नाकारतां येत नाहीं. पाहण्याचें काम देवानें पत्करल्यामुळें शेजाऱ्यानें शेजाऱ्याकडे वाकड्या नजरेनें पाहण्याचें तेथें कारण उरत नाहीं.

माझ्या डोक्यावर असा कोणी देव नव्हता. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा दुकानापाशीं उभा होता. जवळच्या मच्छीमार नगरांतला. तो दुपारींहि येऊन गेला होता आणि लाकडी सीताफळाकडे बराच वेळ पाहत राहिला होता. त्या आधीं दोन बायका तेथें येऊन गेल्या होत्या, आणि खांद्याला पिशवी लावलेले माझ्याच वयाचे एक गृहस्थहि. मान वर केली तों परडींतला आंबा जागेवर नव्हता. मीं मुलाला विचारलें, “खिशांत काय आहे?” त्यानें खिसा उलटा केला. चार नाणीं आणि जाळें विणण्याची एक सुई. तो कांहीं बोलला नाहीं. आजूबाजूचे लोक पाहत होते. नाणीं आणि सुई पुन्हां खिशांत घालून तो निघून गेला. आंबा शेवटपर्यंत सांपडला नाहीं.

त्या बायकांना, त्या गृहस्थांना थांबवून विचारावें असें माझ्या मनांतहि आलें नव्हतें. मुलाचे पाय अनवाणी होते, हाच काय तो माझा पुरावा. ‘मृच्छकटिका’त वसंतसेनेची ठेव चोरीस गेली तेव्हां चारुदत्ताला खरी चिंता पडते ती अलंकारांची नव्हे, दरिद्री माणसाच्या घरून ठेव चोरीस गेली यावर विश्वास कोण ठेवील, ही. हें नाटक मीं किती वेळां वाचलें असेल! शर्विलकाच्या जानव्याची गंमत मात्र पक्की ध्यानांत राहिली होती.

कोणी म्हणेल, आंबा त्याच्या खिशांत निघाला असता तर? तरीहि माझें वर्तन न्याय्य ठरलें नसतें. नेम लागला म्हणून नेमाला कारण होतें असें होत नाहीं. येथें कायदा माझ्याहून अधिक समंजस आहे. 1860 च्या दंडसंहितेच्या जागीं 1 जुलै 2024 पासून जी न्यायसंहिता लागू झाली, तिच्यांत पांच हजार रुपयांहून कमी किंमतीची चोरी प्रथमच करून दोषी ठरलेल्यानें वस्तु किंवा तिचें मोल परत केल्यास समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. सिद्ध झालेल्या चोरालाहि इतकी सवलत. आणि कांहींच सिद्ध न झालेल्या मुलाला मीं भर बाजारांत खिसा उलटा करावयास लावला. त्याची जी वस्तु मीं नेली ती परत कशी करावयाची, हें कोणत्याहि कलमांत मला आढळलें नाहीं.

चपलावाल्याला मीं हें सांगितलें तेव्हां तो हंसला. “प्रोफेसरसाहेब, तुम्ही तराजू धरून बसाल तोंवर माल जाईल,” असें तो म्हणाला, आणि तें खोटें नाहीं. पोटासाठीं बसलेल्यानें पाहिलेंच पाहिजे. पण तो स्वतः काय करी तें मीं पाहिलें होतें. जो कोणी टेबलापाशीं येई त्याला, मग तो मोटारींतून उतरलेला असो वा अनवाणी, तो मोठ्यानें विचारी, “काय दाखवूं?” या दोन शब्दांत चोराला कळतें कीं आपण दिसलों, आणि गिऱ्हाइकाला वाटतें कीं आपलें स्वागत झालें. मींहि मुलाला तेंच विचारूं शकलों असतों, आणि दुपारींच.

दुसरे दिवशीं सकाळीं मी मच्छीमार नगरांत गेलों. याच किनाऱ्यावर 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्रीं ते दहा मारेकरी रबरी होडींतून उतरले होते, आणि तुम्ही कोण, असा प्रश्न त्यांना पहिल्यानें विचारला तो येथल्याच रहिवाशांनीं. त्यानंतर समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यांना बोटांचे ठसे घेऊन ओळखपत्रें देण्याची योजना आली. ज्यांनीं हटकलें, त्यांनाच मग आपली ओळख खिशांत बाळगावी लागली.

होड्या वर ओढलेल्या होत्या, मासळी उघड्यावर सुकत होती, जवळ राखणदार दिसला नाहीं. मी चार पावलें आंत गेलों असेन नसेन, तों जाळें सांधीत बसलेल्या एका बाईनें वर पाहून विचारलें, “कोन पायजे, काका?” आवाजांत राग नव्हता. मी उत्तर द्यावयास तोंड उघडलें, आणि माझ्या लक्षांत आलें कीं मुलाचें नांव मीं विचारलेंच नव्हतें.