मोडता येईल अशी आरास

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६



श्रावण लागला की दोन प्रश्न हमखास कानावर येतात. एक, उपवासाला काय करायचं? आणि दुसरा, गणपतीसाठी घरच्या घरी काय सोपी सजावट करता येईल? दुसऱ्या प्रश्नाला जोडून हल्ली आणखी एक प्रश्न येतो, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हाताने केलेली आरास देवाला जास्त आवडते का? की रेडीमेड मखर मागवलं तरी भाव तोच?

आजचा श्लोक नेमका याच जागी आहे. पान, फूल, फळ, पाणी, भक्तीने जे कोणी देईल ते मी घेतो, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. ‘देवाला महागाचं काही लागत नाही’ एवढा अर्थ काढून आपण पुढे जातो. आज जरा थांबून बघू या.

या यादीतल्या चारही वस्तूंपैकी एकही माणसाने बनवलेली नाही. सोन्याचा मुकुट यादीत नाही, तशीच आपण रात्र जागून केलेली क्रेप कागदाची फुलंही नाहीत. दुसरी गोष्ट, चारही वस्तू टिकणाऱ्या नाहीत. पान संध्याकाळपर्यंत मान टाकतं, फूल उद्या निर्माल्य होतं. आणि तिसरी, भक्ती हा शब्द या एका श्लोकात दोनदा आलाय. एकदा देण्याच्या क्रियेला जोडून आणि एकदा दिलेल्या वस्तूला जोडून. बाकी कशाचीही अट नाही, पण ही एक अट दोनदा सांगितली आहे.

मग आपल्या हाताचं काम कुठे आलं?

पान काही झाडावरून चालत देवापर्यंत येत नाही. दुर्वा निवडायच्या, कोवळ्या तेवढ्या घ्यायच्या, एकवीस मोजायच्या, जुडी बांधायची. आंब्याची पानं पुसून दोऱ्यात ओवायची, मध्येमध्ये झेंडू घालायचा. कापूस पिंजून वाती वळायच्या. कापसाची वस्त्रं करायची, ठरावीक अंतरावर पीळ द्यायचा आणि ओल्या कुंकवाचं बोट लावायचं. आपल्या आज्या हे रोज दुपारी गप्पा मारता मारता करायच्या. त्याला त्यांनी कधी ‘डीआयवाय’ म्हटलं नाही की ‘क्राफ्ट’ म्हटलं नाही. पूजेची तयारी म्हटलं, बस्स.

म्हणजे वस्तू देवाचीच असते. आपण तिच्यात घालतो तो वेळ आणि लक्ष. मला वाटतं, हाताने केलेल्या आराशीची खरी किंमत इथे आहे. पुठ्ठा कापताना, खळ लावताना, झिरमिळ्या चिकटवताना दोन तास मन त्याच्यापाशी राहतं. मोबाइल बाजूला असतो, कारण बोटांना खळ लागलेली असते! जपासारखंच हे हातांचं आवर्तन असतं.

पण इथेच एक गडबड होऊ शकते. ‘मी हाताने केलं, तू विकत आणलंस’ असं मनात आलं की आपण देवासमोरही रांग लावली. रात्रपाळी करून घरी येणाऱ्या नर्सने तयार हार आणला तर तिची भक्ती कमी कशी? आणि आपण ज्याला ‘विकतचं’ म्हणतो, तेही कोणाच्या तरी हातचंच असतं. फूलबाजारात पहाटे माळा गुंफणाऱ्या मावशी असोत, नाहीतर बांबूच्या कामट्या सोलून कंदिलाचे सांगाडे बांधणारे बुरूड कारागीर असोत. त्यांच्याकडून घासाघीस न करता घेतलेला हार हाही अर्पणच आहे. श्लोकात पान कुठून आणायचं ते सांगितलेलं नाही.

तेव्हा ‘हाताने की विकत’ हा खरा प्रश्न नाहीच. आरास पूर्ण झाल्यावर ती कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

सतराव्या अध्यायात भगवंत यज्ञाचे प्रकार सांगतात. फळाची अपेक्षा न ठेवता, करायला हवं म्हणून शांत मनाने केलेला तो सात्त्विक. फळासाठी किंवा दिखाव्यासाठी केलेला तो राजस. गंमत म्हणजे दोन्ही यज्ञ बाहेरून अगदी सारखे दिसू शकतात. तीच समिधा, तेच तूप. आपल्या मखराचंही तसंच. फोटो काढला म्हणून ते राजस होत नाही, आणि फोटो न काढल्याने सात्त्विकही होत नाही. आजीला गावी फोटो पाठवणं हा आनंद वाटून घेणं आहे. पण आरती चालू असताना आपलं लक्ष मूर्तीकडे आहे की पाठीमागच्या फुलांच्या भिंतीचा एक कोपरा सुटलाय तिकडे, हे ज्याचं त्याला कळतं.

यावर कोणी विचारेल, मग काय ओबडधोबड करायचं? मुळीच नाही. नीटनेटकेपणा हा प्रेमाचाच भाग आहे. पाहुण्यासाठी आपण चादर झटकून घालतो, मग देवासाठी कागद वाकडातिकडा का कापायचा? फक्त ती सुबकता त्याच्यासाठी असावी, आणि काम झालं की हात सुटावा.

हात सुटला की नाही, हे ओळखायची एक साधी खूण आपल्या परंपरेनेच दिली आहे : आरास मोडता येते का?

रांगोळी बघा. तासभर वाकून ठिपके जोडायचे आणि उद्या सकाळी त्याच हाताने ती पुसून नवी काढायची. कोणी तिला फिक्सेटिव्ह मारून ठेवत नाही. पार्थिव गणपती बघा. मातीची मूर्ती आणायची, प्राणप्रतिष्ठा करायची, घरातल्या माणसासारखं त्याचं सगळं करायचं, आणि मग उत्तरपूजा करून मूर्ती जागची किंचित हलवायची. त्या एका हालचालीत पूजा संपते. ज्याच्याभोवती एवढी आरास केली, तोच निघतो. मग आराशीने मागे राहायचा हट्ट का धरावा?

गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, तळकोकणात तिला माटवी म्हणतात. लाकडी चौकटीला सुपारीचे घड, नारळ, काकड्या, दोडकी, रानातली फळं आणि फुलं टांगायची. त्या ऋतूत, त्या मातीत जे उगवलं, ते सगळं देवाच्या डोक्यावर. मला ही आरास आजच्या श्लोकाची सर्वांत जवळची वाटते. पान, फूल, फळ सगळं आहे, आणि सण संपला की त्यातलं काहीही कचरा म्हणून उरत नाही.

याच्या उलट थर्माकोल. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकसोबत त्यावरही बंदी आली, तेव्हा ‘आता मखर कसलं करायचं’ म्हणून बरीच कुरकुर झाली होती. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. ते मातीत मिसळत नाही, फक्त त्याचे बारीक बारीक मणी होतात आणि नाल्यातून पुढे जातात. दीड किंवा दहा दिवसांच्या पाहुण्यासाठी आपण अशी वस्तू करायचो जी आपल्या नातवंडांनंतरही राहील. पर्यावरणाचा प्रश्न तर आहेच, पण मला त्यात अर्पणाचाही प्रश्न दिसतो. जे परत करता येत नाही, ते दिलं असं म्हणायचं तरी कसं?

अजून एक गोष्ट बोलायलाच हवी. आरास कोणाच्या जिवावर उभी राहते? खूप घरांत सगळ्यांच्या कौतुकाची सजावट ही एकाच बाईच्या झोपेवर उभी असते. मोदकही तिनेच करायचे, पाहुण्यांचं चहापाणीही तिनेच बघायचं आणि रात्री एक वाजता कागदी फुलंही तिनेच चिकटवायची. दुसऱ्याची झोप देवाला वाहायचा अधिकार आपल्याला नाही. भक्तीने दिलेलं, अशी अट आहे ना? मग ज्याने द्यायचं, त्याचे हात लागायला हवेत. दादाने कात्री धरावी, बाबांनी दोरा ओवावा. वाकडं झालं तर होऊ दे.

तर यंदा काय करू या? अगदी साधं. आईच्या दोन जुन्या सुती साड्या चुण्या घालून मागे लावा, नंतर धुऊन कपाटात ठेवता येतील. ऑनलाइन खरेदीचे पुठ्ठ्याचे खोके घरात पडलेलेच असतात. त्यांच्या कमानी कापून त्यावर घोटीव कागद लावा, मैद्याची खळ पुरते. दाराला पानाफुलांचं तोरण करा, पण सुतळीत ओवा, प्लॅस्टिकच्या दोऱ्यात नको. वन बीएचकेत राहत असाल तर एक पाट, एक समई आणि चार ओळींची रांगोळीसुद्धा पूर्ण आरास आहे. आणि वेळच नसेल तर कोपऱ्यावरच्या मावशींकडून हार घ्या, पण तो मूर्तीला घालताना दोन मिनिटं पूर्ण तिथे राहा.

मग विसर्जनानंतर, घर अचानक रिकामं वाटायला लागतं तेव्हा, आरास स्वतः उतरवा. कामवाल्या ताईंवर सोडू नका. एकेक कमान सोडवताना मनाकडे बघा. ‘एवढी मेहनत केली होती’ असं वाटेल, थोडं दुखेलही. होमात प्रत्येक आहुतीनंतर ‘हे माझं नाही’ अशा अर्थाचे शब्द म्हणतात, कारण आहुती दिल्यावरही मन तिला धरून ठेवतं. आराशीची आहुती ती उतरवताना पुरी होते.

आजचा अभ्यास : घरात देवासाठी केलेली किंवा आणलेली एक वस्तू निवडा. स्वतःला विचारा, ही उद्या गेली तर माझं काय जाईल? उत्तर कोणाला सांगू नका. संध्याकाळी दिवा लावताना फक्त त्याच्याजवळ ठेवा.

श्रीकृष्णार्पणमस्तु.