सावकाश पाहणे : एक नैतिक प्रश्न

कलाकृतीपुढे दीर्घकाळ थांबणे हा आस्वादकाचा गुण मानण्याकडे आपल्या समीक्षेचा कल आहे. हा गुण केवळ सौंदर्यशास्त्रीय आहे की नैतिकही, हे मात्र क्वचितच विचारले जाते. मलकापूरहून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अजिंठ्याच्या संदर्भात हा प्रश्न टाळता येत नाही.

तेथील सावकाशीची गरज मुळात चित्ररचनेतूनच निर्माण होते. १७ व्या लेण्यातील पुष्कळ कथाचित्रे घटनाक्रमाने मांडलेली नाहीत. एकाच स्थळी घडणारे, परंतु काळाने दूर असलेले प्रसंग तेथे शेजारी येतात. ओळीने वाचत जाणारी नजर अशा भिंतीपुढे अडते. तिला मागे फिरावे लागते, ओळखीचा चेहरा दुसऱ्या प्रसंगात पुन्हा शोधावा लागतो. मर्ढेकरांनी सांगितलेले संवाद, विरोध, समतोल हे लयसंबंध अशा परतणाऱ्या नजरेलाच प्रतीत होतात. म्हणजे काळ हा येथे आस्वादाचा बाह्य उपचार नसून रचनेचाच घटक आहे. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी ओळखून लगेच पुढे सरकणारा विद्यार्थी पाहत नसतो. पाठ्यपुस्तकाची खातरजमा करीत असतो.

परंतु अजिंठा सर्वांत सावकाश पाहिला तो प्रतिकृतिकारांनी. रॉबर्ट गिल १८४४ साली या कामावर नेमला गेला आणि सुमारे दोन दशके तो या भिंतींपुढे राबला. त्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. (त्याची कबर आपल्या जवळच, भुसावळला आहे, याचा आपल्या विद्यापीठीय वर्तुळात फारसा उल्लेख होत नाही.) पुढे १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थी यांनी तेच काम नव्याने केले. रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळात चित्रांवर व्हार्निश चढवले गेले आणि कालांतराने तेच काळवंडले. १९२० नंतर हैदराबाद संस्थानाने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रे वाचविण्यासाठी लाखेचा लेप दिला. तोही पिवळा पडला. अनास्था हे या हानीचे कारण नव्हते. अधिक नीट पाहण्याची आणि टिकविण्याची ओढच तिच्या मुळाशी होती.

सावकाशी हा स्वयंसिद्ध सद्गुण ठरत नाही तो येथेच. प्रेक्षकांच्या श्वासातील बाष्पही भिंतींना बाधते. म्हणून चित्रांकित लेण्यांत एका वेळी मोजक्यांनाच प्रवेश देण्याचे बंधन आले. माझी जादा मिनिटे बाहेर ताटकळणाऱ्याच्या वाट्यातून येतात, काही अंशी चित्राच्या आयुष्यातूनही. अभिनवगुप्ताने रसविघ्नांमध्ये स्वतःच्या सुखादुःखाच्या अधीन होण्याची गणना केली आहे. ‘मला अजून पाहायचे आहे’ या रसिकाच्या हट्टालाही मी त्याच विघ्नात जमा करीन, मग तो कितीही सुसंस्कृत भासो.

यावर घाईचे समर्थन होईल, असा आक्षेप संभवतो. तो मला मान्य नाही. सावकाशी भिंतीपुढेच खर्ची पडली पाहिजे असा नियम कोठे आहे? कथेचा तपशील, आकृत्यांची गुंफण, प्रसंगांची स्थाननिष्ठ मांडणी हे सारे वर्गात मोठ्या छायाचित्रांवरून तासन्‌तास अभ्यासता येते. प्रतिकृतीला न सापडणारे, म्हणजे भिंतीचे प्रमाण, खडबडीत पोत, अंधुक उजेडात हळूहळू वर येणारा रंग, तेवढ्यासाठी लेण्यात जावे. डोळे अंधाराला सरावण्यातच त्यातली पहिली काही मिनिटे जातात; विद्यार्थ्यांना मी तेवढा वेळ मार्गदर्शकाचे बोलणेही थांबवायला सांगतो.