आधी शब्द, मग शुद्धलेखन

पहिलीतले मूल 'कमळ' हा शब्द ओळीने दहा वेळा सुबक काढते आणि आपण म्हणतो, याला लिहिता येऊ लागले. पण समोरचा आकार उतरवणे हे हाताचे आणि डोळ्यांचे काम आहे. मनातला शब्द ऐकायचा, त्यातले आवाज सुटे करायचे आणि एकेका आवाजासाठी खूण शोधायची, हे लेखन. गिरवण्याने आणि अनुलेखनाने हात वळतो. आवाजाची खूण शोधायची सवय मात्र स्वतःचा शब्द स्वतः लिहायला बसल्याशिवाय लागत नाही.

ती वेळच आपण लांबवतो. मुळाक्षरे झाल्याशिवाय बाराखडी नाही, बाराखडी झाल्याशिवाय शब्द नाहीत. ३४ व्यंजनांची बाराखडी म्हणजे ४०८ आकार. ते पाठ होईपर्यंत मुलाला काही सांगायचे असेल तर त्याने थांबायचे! वास्तविक म, क, ल, ब आणि काना एवढ्यावर मामा, काका, बाबा, काम, लाल, मका, बाक लिहून होतात. त्यात 'आ' घातला की 'मामा आला' हे वाक्यच तयार.

शब्द कोणते, हेही महत्त्वाचे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर रोज प्रत्येक मुलाला त्याला हवा तो शब्द विचारत आणि कार्डावर लिहून देत. भीतीचे, मायेचे शब्द मुले चटकन आत्मसात करत. १९६३ साली आलेल्या 'टीचर' या पुस्तकात त्यांनी हे मांडले. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच मुलांच्या अंगणात आणि कुरणात नेली. मुलाच्या जगण्यातून शिक्षण सुरू व्हावे, हा आग्रह दोन्हीकडे सारखाच.

असे स्वतःहून लिहिणारे मूल चुकणारच, आणि त्या चुका वाचण्यासारख्या असतात. एक मूल 'चम्चा' लिहिते, दुसरे 'पुसतक'. आपण दोन्हींवर लाल फुली मारतो. पण बोलताना 'चमचा'तला म आणि 'पुस्तक'मधला स दोन्ही पाय मोडलेलेच ऐकू येतात. लिपी एकाला जोडते, दुसऱ्याला मोकळे ठेवते. 'करतो' आणि 'कर्ता' यांतला र कानाला सारखाच, कागदावर वेगळा. 'फूल'चे 'फुले' होताना उकार ऱ्हस्व का होतो, हे १९६२च्या लेखननियमांत आहे. सहा वर्षांच्या कानात ते कुठून असणार? घरी 'पानी' म्हणणारे मूल 'पानी' लिहिते, तेव्हा त्याने जे ऐकले तेच प्रामाणिकपणे लिहिलेले असते. भाषाअभ्यासक चार्ल्स रीड यांना अमेरिकेतल्या शाळापूर्व वयाच्या मुलांत हेच आढळले: 'ट्रक'सारख्या शब्दाच्या सुरुवातीला मुले 'च'ची अक्षरे वापरत, कारण इंग्रजी उच्चारात तो 'ट' खरोखरच 'च'कडे झुकतो.

यावर शिक्षकांची हरकत ठरलेली असते: चूक अंगवळणी पडेल. ही भीती अगदीच निराधार नाही. दुसरी-तिसरीतही कोणी काही दाखवले नाही, तर ती पडेलही. म्हणून शुद्धलेखन शिकवायचेच, पण क्रमाने. आधी विचारावे, 'काय लिहिलंस, वाचून दाखव बरं.' मग त्याच्याखाली शिक्षकाने रूढ रूप लिहावे आणि एका वेळी एकच गोष्ट दाखवावी. आज जोडाक्षर, वेलांटीचे पुढे पाहू. ज्याने पाच वाक्ये मनाने लिहिली आहेत, त्याच्यापाशी सुधारायला निदान काहीतरी असते.

तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता-लिहिता यावे, हे २०२१ पासूनच्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे. त्यातले 'लिहिता येणे' केवळ श्रुतलेखनाच्या गुणांनी मोजले, तर शाळा श्रुतलेखनच घोटून घेतील. पालकांनाही स्वच्छ, बिनचूक वही आवडते. पण त्या वहीतली वाक्ये फळ्यावरची असतात. आपल्या मुलाने या आठवड्यात स्वतःचे असे काय लिहिले, हा प्रश्न पालकसभेत विचारला जाऊ लागला, तर वर्गातला लेखनाचा तास बदलायला वेळ लागणार नाही.