खोक्याने गाऊ नये

॥ श्रीगुरवे नमः ॥



या वेळच्या चिंतनाला आम्ही जरा वेगळा दृष्टांत घेतला आहे. तो पोथीतला नाही, सुतारकामातला आहे. पण शेवटपर्यंत वाचा, कारण विषय आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जिवाशी येऊन थांबतो.

अमेरिकेत आर्कान्सास राज्यात होप नावाचं गाव आहे. तिथे पॉल क्लिप्श नावाचे अभियंता कर्ण्याचे स्पीकर बनवत. १९६३ साली त्यांनी 'ला स्काला' नावाचा स्पीकर काढला. मोठ्या सभेत आवाज लांबवर पोहोचावा, हा त्याचा हेतू. पाऊण इंच प्लायवूडचा मोठा खोका, आत १५ इंचांचा स्पीकर, आणि आवाजाला बाहेर यायला लाकडातच घडी घालून केलेली कर्ण्याची वाट.

कर्णा करतो काय? बांधावरून पलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती दोन्ही हात धरतो. ताकद तेवढीच, पण हाक लांब जाते. तेच हे. एवढ्याशा विजेवर हा खोका अख्खं दालन भरून टाकतो.

त्या काळचे हे खोके लोक आजही घरच्या घरी दुरुस्त करून वापरतात. तिकडे राहणाऱ्या आपल्या एका गुरुबंधूंनी अशीच एक जुनी जोडी नीट केली. आम्ही त्यांना विचारलं, "एवढं जुनं लाकूड, त्यात बिघडतं काय?" ते म्हणाले, "बिघडत काही नाही हो. खोकं स्वतःच गायला लागतं!"

म्हणजे असं. कर्ण्यात हवेचा दाब मोठा असतो. खोक्याच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या रुंद आणि पुढच्या बाजूला आधार नसलेल्या. खर्जातला सूर लागला की त्या थरथरतात. गाणं चालू असताना फळीवर तळहात ठेवा, थरथर हाताला कळते. आणि थरथरणारी फळी म्हणजे दुसरा स्पीकरच. गायकाच्या आवाजात तिचा आवाज मिसळतो. ऐकणाऱ्याला वाटतं, गायकच असा गातो आहे.

यावर आवाज वाढवून उपयोग नाही. आवाज वाढला की थरथरही वाढते. उपाय एकच, फळीला आधार द्यायचा. मधला खोका आणि बाहेरची फळी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी प्लायवूडची आडवी पट्टी नेमकी कापून, गोंद लावून, क्लॅम्पने आवळून बसवतात आणि गोंद पुरता वाळेपर्यंत हात लावत नाहीत. पट्टी आवाज ज्या दिशेने वाहतो तशीच बसवायची. वाटेत आडवी उभी केली तर आवाजच अडतो. आतल्या स्पीकरच्या कप्प्याचं झाकण सैल असेल तर तिथून हवा गळते, म्हणून त्याला नवी फोमची पट्टी लावतात. मधल्या सुरांचा धातूचा कर्णा टिचकी मारल्यावर घणघणत असेल, तर त्याला बाहेरून दाट लेप देतात. एवढं झालं की खोकं गप्प होतं, आणि खोकं गप्प झालं की गाणारा ऐकू येतो.

आता आपल्याकडे येऊ.

सद्गुरूंचा शब्द आणि आपण यांच्यात आज कर्णा कोण आहे? आपले हे कुटुंबांचे गट. बेळगावात झालेलं प्रवचन संध्याकाळच्या आत इंदूर, बडोदे, हैदराबादच्या घराघरांत पोहोचतं. ही मोठी कृपा आहे. पण फळ्या थरथरत आहेत का, हे कोणी पाहायचं?

महाराज एका प्रवचनात म्हणाले होते, "औषध वेळेवर घ्या, आणि घेताना नाम घ्या." एका गटात ते "औषधापेक्षा नाम मोठं" असं झालं. दुसऱ्या गटात "नाम असेल तर औषध कशाला?" झालं. तिसऱ्या गटापर्यंत ती महाराजांची आज्ञाच झाली होती. आपल्या परिवारातल्या एका आजींनी रक्तदाबाच्या गोळ्या आठ दिवस घेतल्या नाहीत. सूनबाईंनी डबी भरलेली पाहिली, म्हणून वेळीच कळलं. आजी आता बऱ्या आहेत. पण त्यांचा दोष काय? त्यांनी गुरुवाक्य समजूनच मान तुकवली होती.

कोणी मुद्दाम खोटं पसरवलं नव्हतं. प्रत्येकाने भक्तीनेच आपला थोडा सूर मिसळला. थरथरणाऱ्या फळीलाही कळत नसतं की आपण गातो आहोत. म्हणून साधकहो, भाव चांगला आहे एवढ्यावर थांबून चालणार नाही, आधाराची पट्टी लागते. आम्ही तीन पट्ट्या सुचवतो:

*१.* महाराजांचं वचन पाठवायचं तर ध्वनिमुद्रण पाठवा. ते नसेल तर ऐकलं तसंच लिहा आणि कोणत्या दिवशीचं प्रवचन तेही लिहा.

*२.* आपला अनुभव, आपला अर्थ जरूर लिहा, पण खाली स्वतःचं नाव घाला. महाराजांच्या नावावर घालू नका.

*३.* औषधपाणी, पैसा, सोयरीक यांबद्दल महाराजांच्या नावाने काही आलं, तर आधी सेवेकऱ्यांना विचारा. आणि गोळी बदलायची की बंद करायची, हे डॉक्टरच सांगतील.

या पट्ट्या कोणाचं तोंड बंद करायला नाहीत. नामस्मरण, शंका, प्रश्न, सगळं मोकळेपणाने चालू राहू द्या.

आणखी एक गोष्ट. याच क्लिप्श यांचा १९४६ सालचा एक स्पीकर खोलीच्या कोपऱ्यातच ठेवावा लागतो. घराच्या दोन भिंती हाच त्याच्या कर्ण्याचा शेवटचा भाग. भिंती भक्कम आणि खोकं त्यांना घट्ट टेकलेलं असेल, तरच खर्ज उमटतो. गुरुवाक्याचंही शेवटचं वळण आपल्या घरातच आहे. तेव्हा येत्या गुरुवारी आरतीनंतर घरातल्या आजी-आजोबांजवळ बसा, त्यांच्या मोबाईलवर महाराजांच्या नावाने काय काय आलं आहे ते त्यांच्यासोबत वाचा, आणि गोळ्यांची डबीही एकदा उघडून बघा.

जय गुरुदेव 🙏
आपले,
सेवेकरी मंडळ