गरीला लागलेला जीव

पौषाच्या थंडीत पूर्णेचं पाणी गार पडलं की मासा सुस्तावते. त्याच्या अंगातली ऊब पाण्यावरच, म्हणून भूकही कमी. सकाळी गरी टाकून उपेग नाही. दुपारी उन्हं तापली की तो डोहाच्या कडेला येतो. मंग बारीक दोरा, लहान गरी अन् गांडुळाचा तुकडा. मोरपिसाची तरंगी दबली की हलका झटका.

१९७२च्या दुष्काळात मी बापासंगं असाच बसत होतो. घरातली ज्वारी सरत आलेली. एकदा दिवसभरात एकच मासा लागला, बोटभर. बापानं हात ओला केला, गरी काढली अन् सोडून देला. मी रडलो. बाप म्हणे, "लेका, यानं आपलं पोट भरत नाही, अन् याचा जीव मात्र जाते."

आता माझं पोट भरलेलं हाय. तरी गरी टाकतो, मासा सोडतो, अन् आपण दयाळू झालो असं वाटते. गेल्या हिवाळ्यात सोडलेला एक मासा घडीभरानं उलटा तरंगला. तवा समजलं, बाप भुकेपायी टोचत होता, मी करमणुकीपायी. सोडणं सारखं दिसते, पण सारखं नाही.

तवापासून एवढंच ठरवलं: खायाचा असन, तरच गरी भिजवायची.